दुसरी सही

दौलतसिंग राठोडने बायकोला तारीख दिली नाही, विमान दिलं.

"विमान पूरं झालं का येतो," तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाला. तिकडून, पुण्याच्या अकराव्या मजल्यावरून, मंजूने विचारलं, "किती दिवसाचं काम हाय?"

"दोन महिने धर."

"दोन महिने म्हनता म्हनता मले इकडं वरीस झालं. आधी म्हनले सोयाबीन निघू दे. मंग म्हनले हरभरा. आता विमान. याच्यापुढं बहाना नाई पायजे. विमान झालं का बसमधी बसायचं."

"शब्द देतो," तो म्हणाला.

शेत बटईने दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं. सोयाबीन त्याच्यामुळे निघत नव्हतं आणि हरभरा त्याच्यामुळे अडत नव्हता, हे मंजूला पहिल्यापासून ठाऊक होतं. करण हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो आणि सून साधना, दोघंही नोकरीवर जाणारे. नात झाली तेव्हा मंजू सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली आणि बाळापाशी अडकली. दौलतसिंगही मे महिन्यात जाऊन एकोणीस दिवस राहून आला होता. बेसिनचा गळका नळ त्याने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दाराची कुरकुर थांबवली. त्यानंतर त्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तो सोफ्यावर बसे, उठे, पुन्हा बसे. विसाव्या दिवशी पेरणीचं नाव सांगून निघाला.

करणने वडिलांच्या सदुसष्टाव्या वाढदिवसाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या विमानाचा खोका पाठवला. कुरिअरवाला बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत येत नाही. दौलतसिंग चार किलोमीटर चालत मेडशीला गेला आणि खोका काखेत धरून चालत परत आला. खोक्यावर कॅनबेराचं चित्र होतं. दोन इंजिनांचं, काचेच्या नाकाचं, जुनं बॉम्बफेकी विमान. हवाई दलातल्या वीस वर्षांपैकी चौदा वर्षं त्याने आग्र्याला याच विमानांच्या पोटाखाली आणि पंखांवर काढली होती. तो एअरफ्रेम फिटर होता, म्हणजे इंजिन आणि वायरिंग सोडून विमानाचं जे काही अंग असतं त्याचा कारागीर. त्यानंतर अठरा वर्षं तो एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला. त्या अठरा वर्षांबद्दल तो कधी बोलत नसे.

ज्या आठवड्यात त्याने शब्द दिला त्याच आठवड्यात तांडा रिकामा झाला. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या येतात. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या आणि लेकरं गाडीत चढतात आणि घरांना कुलपं लागतात. दौलतसिंगच्या ओळीत समोरासमोर मिळून एकवीस घरं. त्यातली एकोणीस बंद झाली. एक त्याचं उघडं राहिलं, आणि एक जमनाबाईचं. ती त्याची चुलत काकी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कोयता धरण्याचं वय गेलेलं. मुलगा मदनसिंग आणि सून सपना पाच शेळ्या तिच्या हवाली करून कोल्हापूरकडे गेले होते.

दौलतसिंगने खिडकीखाली टेबल लावलं आणि खोका उघडला.

दोनशे पंधरा भाग होते. त्याने ते तीनदा मोजले. मग दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीने रेषा मारल्या. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात काम करणाऱ्याची सही, चौथ्यात तपासणाऱ्याची सही. हवाई दलात हा नियम देवघरातल्या नियमापेक्षा कडक होता. ज्याने काम केलं त्याने स्वतःच्या कामाला बरोबर म्हणायचं नाही. दुसऱ्या माणसाने येऊन, वाकून, हात लावून पाहायचं आणि सही करायची. ती सही नसेल तर विमान जमिनीवर. बोल्ट कितीही घट्ट असो, अधिकारी कितीही ओरडो. वीस वर्षांत दौलतसिंगने एकदाही चौथ्या रकान्यात स्वतःच्या कामापुढे नाव लिहिलं नव्हतं. हे तो अभिमानाने सांगे असं नाही. त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

चौथा रकाना त्याने सवयीने आखला. तो भरणार कोण, याचा विचार तेव्हा केला नाही.

काम सुरू झालं आणि त्याला कळलं की विमान कागदावर एक आहे आणि प्लॅस्टिकमध्ये दुसरं. धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांशी भांडल्यासारखे वाकडे होते. नाकाकडे जुळवले तर शेपटीकडे नख जाईल एवढी फट पडे. शेपटीकडे जुळवले तर नाक तोंड वासे. त्याने ते कोमट पाण्यात बुडवले, दोन विटांमध्ये दाबले, रात्रभर ठेवले. सकाळी ते आधीपेक्षा वाकडे होते. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी त्याने सगळं एकदम जोडायचा हट्ट सोडला. बोटभर जोडायचं, वाळू द्यायचं, पुढचं बोटभर. धड बंद व्हायला नऊ दिवस लागले. मग पुट्टी, मग पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. बोटांच्या टोकांची कातडी गेली.

जोडणीची सूचनापत्रिका त्याने फारशी पाहिली नाही. चित्रांची होती ती, आणि हे विमान त्याला पाठ होतं. सातव्या पायरीला तर चित्रकाराने दोन्ही इंजिनांच्या नळकांड्यांत वजनाचे गोळे टाकायला सांगितले होते, शेजारी तराजूचं चिन्ह. दौलतसिंगला हसू आलं. चौदा वर्षांत त्याने कॅनबेराच्या इंजिनापुढे वजन टाकल्याचं पाहिलं नव्हतं. विमान आपल्या तीन चाकांवर आपण उभं राहतं. त्याने सातव्या पायरीवर पेन्सिलीने काट मारली आणि नळकांडी बंद करून टाकली.

डिसेंबरात चिमट्यातून एक भाग उडाला. पुढच्या चाकाच्या दाराचा बिजागर, ज्वारीच्या दाण्याएवढा. टक् असा आवाज आला आणि तो या जगात नव्हता. दौलतसिंगने वहीत लिहिलं, 'भाग ११२ हरवला. काम बंद.' विमानाच्या आसपास एक वस्तू हरवली तर ती सापडेपर्यंत दुसरं काम होत नाही. त्याने खोली झाडली. केर पिठाच्या चाळणीतून चाळला. टेबल उचलून बाहेर आणलं, आपटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वेटरची दुमडलेली बाही उलगडताना बिजागर त्याच्या तळहातावर पडला.

"सापडला!" तो मोठ्याने म्हणाला.

मग त्याने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं, ओळीत कोणी नव्हतं. एकोणीस कुलपांवर ऊन पडलं होतं. तो थोडा वेळ हात पुढे धरून तसाच उभा राहिला आणि मग टेबलापाशी जाऊन त्याने लिहिलं, 'भाग ११२ सापडला. काम चालू.' सही केली. शेजारचा रकाना कोराच.

जमनाबाई रोज दुपारी येत असे, ते फोन लावून घ्यायला. तिच्याकडे मुलाने दिलेला साधा फोन होता, पण तो तिला उचलता येई, लावता येत नसे.

"लाव बरं मदनसिंगले."

दौलतसिंग आपल्या फोनवरून लावे. बहुतेक वेळा मदनसिंग उसाच्या फडात असे आणि फोन लागत नसे. जमनाबाई फोन कानाला धरून ती बाई काय बोलते ते शेवटपर्यंत ऐके, मग फोन परत देई.

"हे बाई रोज काहून सांगते तेच ते?"

"थे मशीन हाय काकी."

"मशीन असो. माह्याशी बोलते तरी." मग ती टेबलाकडे वळे. "अजून पोट्ट्याचा खेळच करून राह्यला का तू? हवाई दलातल्यानं खरे विमानं केले म्हनते, अन् हे हातभर डबडं दोन महिने झाले होऊन नाई राह्यलं!"

"तवा आमी चाळीस जन होतो."

"मंग बलाव चाळीस जन."

तिची जीभ अशी होती. पण नजर वेगळी होती. जमनाबाई त्या तांड्यात फेटिया हा घागरा आणि कांचळी ही चोळी घालणाऱ्या शेवटच्या चार-पाच जणींपैकी एक. तिच्या अंगावरचं सगळं भरतकाम, आरसे, कवड्या, तिने स्वतः टाकलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जाड चष्मा लागला, तरी दुसऱ्या बाईच्या ओढणीवर एक आरसा सुताभर सरकला असला तर ती रस्त्यात थांबवून सांगे.

जानेवारीत धुळीचा हंगाम आला. शेजारच्या वावरात तुरीचं मळणीयंत्र चालू झालं आणि त्याचा बारीक भुसा, ओला रंग शोधत आल्यासारखा, बंद खिडकीच्या फटीतून आत आला. पंखांवरचा करडा रंग वाळला तेव्हा त्याला केस फुटले होते. दौलतसिंगने तो खरवडून काढला. दुसऱ्यांदा दिला; पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने दार-खिडकीला ओल्या गोधड्या टांगल्या आणि त्या अंधारात बॅटरी लावून रंग दिला. त्याच आठवड्यात पायलटची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने पांढरी पडली. ती त्याने दात घासायच्या पेस्टने, बोटावर सुती चिंधी गुंडाळून, तीन दिवस घासली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काचेतून आतल्या खुर्चीचे पट्टे दिसले. तीन महिन्यांत त्याला एवढं बरं दुसऱ्या कशाने वाटलं नव्हतं.

आणि तेव्हा चौथा रकाना त्याला बोचायला लागला. पानामागून पान त्याची एकट्याची सही.

करण फोनवर म्हणाला, "बाबा, मला फोटो पाठवा. मी करतो सही."

"फोटोवर सही होत नाई. हात लावून पाहा लागते."

"मग तांड्यात कोण आहे आता?"

दौलतसिंगने खिडकीतून पाहिलं. जमनाबाई शेळीला शिव्या देत होती.

"काकी," त्याने तिला दुपारी विचारलं, "माह्या विमानाची तपासनी करशीन का?"

"मले विमानातलं काय समजते?"

"वाकडं अन् सरळ समजते ना?"

"थे समजते."

"बस. सरळ दिसलं तर अंगठा द्यायचा."

"माह्या अंगठ्याच्या रेघाच गेल्या रे दौलत. राशनच्या दुकानातलं मशीन वळखत नाई मले. तुह्या विमानाले चालते का?"

"चालते."

ती स्टुलावर बसली. त्याने नियम समजावून सांगितला. तो तिला लगेच पटला. मग तिने विचारलं, "अन् मी अंगठा देल्ला का काय होते?"

"विमान पूरं होते."

"मंग?"

"मंग मी पुन्याले जातो. शब्द देल्ला हाय."

जमनाबाईने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "आन इकडं," ती म्हणाली.

तिने तपासणी केली ती चाळीस मिनिटं. धडाच्या जोडावरून नख फिरवलं. "टाका चांगला लपवला." पंखांवरचे तिरंगी गोल दोन्हीकडे सारख्या अंतरावर आहेत का ते वीत लावून पाहिलं. मग पायलटच्या काचेवर बोट ठेवलं. "ही काच मधात नाई. डाव्या अंगाले सरकली."

दौलतसिंग हसला. "असंच असते थे. या विमानात पायलट डाव्या अंगालेच बसे."

"कायले?"

"इंग्रजानं तसं केलं."

"इंग्रजाच्या हातानं सरकली तरी सरकलीच ना!"

तिने विमान दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून उचललं. चाकं अजून लावायची होती. विमान तिच्या बोटांवर जरा डोललं. "दौलत, याचं बूड जड हाय. मुंडकं हलकं हाय."

"नाई काकी."

"मी डोक्शावर पान्याचे गुंड वाह्यले साठ वरसं. मले नको सांगू."

"मी चौदा वरसं हे विमान वाह्यलं. बरोबर हाय थे."

तिने विमान खाली ठेवलं आणि अंगठा न देता शेळ्यांकडे गेली. दौलतसिंगने तिचं म्हणणं वहीत लिहिलं नाही. भाकरी थापताना त्याच्या मनात आलं, म्हातारी खोट शोधतेय. खोट निघाली की काम लांबलं, काम लांबलं की मी राहिलो. त्याला राग आला, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं जे अगदीच वाईट नव्हतं. कोणाला तरी तो इथे राहायला हवा होता.

सत्तावीस जानेवारीला चाकं वाळली. सकाळी दहाच्या सुमारास त्याने टेबल पुसलं, वर कोरा कागद पसरला आणि विमान त्याच्या तीन चाकांवर उभं केलं.

हात काढला. पुढचं चाक हळूच वर उठलं, नाकाने छताकडे पाहिलं, आणि विमान शेपटीवर बसलं.

त्याने पुन्हा उभं केलं. ते पुन्हा बसलं.

दौलतसिंगने खोक्यातून सूचनापत्रिका काढली. सातवी पायरी. त्याच्याच पेन्सिलीची काट. तो तिच्याकडे पाहत बसला. खऱ्या कॅनबेराच्या नळकांड्यांत कोणी वजन टाकत नाही, कारण तिथे इंजिनं असतात. एकेक सव्वा टनाचं. आग्र्याला त्यांच्याच वजनाने नाक खाली राहून विमान उभं असे. इथे नुसतं टरफल होतं. ज्याला खरं विमान माहीत नाही अशा कुणी नवख्याने पत्रिका मुकाट पाळली असती. ही चूक करायला चौदा वर्षांचा अनुभव लागत होता.

त्याने हे करणला सांगितलं, कारण करणचाच फोन आला.

"अहो बाबा, त्यात काय एवढं! शेपटीखाली बारीक काडी लावा. पारदर्शक मिळते. कोणाला कळणार आहे?"

"मले," दौलतसिंग म्हणाला.

वहीत त्याने लिहिलं, 'तपासणी करणाऱ्याने सांगितले होते. ऐकले नाही.' मग मेडशीला सायकलच्या दुकानात जाऊन चाकांच्या बेअरिंगमधले जुने छर्रे मूठभर आणले. रंग देऊन झालेली, तीन वेळा घासलेली नळकांडी आता समोरून फोडायची होती. इंजिनाच्या तोंडातला शंकूसारखा भाग त्याने पात्याने कापला. एकदा पातं घसरलं आणि कडेचा टवका उडाला. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. समोरच्या कुलपांकडे पाहत अर्धा तास बसला आणि परत आला.

छर्रे एकेक करून आत सोडायचे, गोंदाचा थेंब टाकायचा, डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येक जोडीनंतर विमान चाकांवर ठेवून पाहायचं. सहा जोड्या झाल्या, शेपटी टेबलावरच. नऊ झाल्या, नाक डळमळायला लागलं. अकराव्या जोडीला पुढचं चाक खाली आलं, टेकलं, आणि पुन्हा उठलं. बारावी जोडी टाकून त्याने हात काढला. चाक आपलं आपण, सावकाश, कागदावर टेकलं. त्याने टेबलाला बोटाने टिचकी मारली. विमान हललं नाही.

टवक्याला पुट्टी, शंकूला नवा जोड, रंग, वाळवण: आणखी अकरा दिवस गेले. सात फेब्रुवारीला त्याने जमनाबाईला हाक मारली.

"तू म्हनत होती थेच खरं होतं काकी. मुंडकं हलकं होतं."

"मंग? मी काय खोटं बोलतो?"

"मले वाटलं मी थांबावं म्हनून म्हनून राह्यली."

जमनाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि स्टूल ओढलं. तिने पुन्हा सगळं पाहिलं, पहिल्यापेक्षा सावकाश. जोडावरून नख, गोलांना वीत. पंखांखाली बोटं धरून तोललं. या वेळी ते डोललं नाही. चाकांवर ठेवलं, टेबलाशी डोळे आणून समोरून पाहिलं, मागून पाहिलं. टवका कुठे उडाला होता ते तिला सापडलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. काच सोडून. थे इंग्रजाच्या डोक्शावर."

दौलतसिंगने शाईचं पॅड उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि वही फिरवली. जमनाबाईने उजवा हात मांडीवरून उचलला, पॅडपर्यंत आणला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"नाई देत."

"काहून? आता तर बरोबर म्हनली."

"बरोबर हाय म्हनूनच नाई देत. मी अंगठा देल्ला का तू गेला. होळी अजून सव्वा महिना हाय. लोकं येतीन होळीले. तवर या ओळीत मी कोनाचं तोंड पाहू? कुलपाचं?"

"काकी, तपासनाऱ्याले तसं करता येत नाई. बरोबर असलं तर सही द्याच लागते. दुसऱ्या कारनानं अडवलं तर नवकरी जाते."

"मंग मले काढ नवकरीवरून," जमनाबाई म्हणाली आणि उठली. दारात थांबून, पाठमोरीच, तिने विचारलं, "मदनसिंगले लावून देतो का?"

त्याने लावून दिलं. लागला नाही.

चार दिवस विमान टेबलावर पूर्ण होऊन उभं होतं आणि वहीत अपूर्ण होतं. दौलतसिंग ओट्यावर बसे. नियमाने पाहिलं तर तो मोकळा होता: सही नाही म्हणजे विमान पूर्ण नाही, पूर्ण नाही म्हणजे शब्द मोडला नाही. मंजूला हे सांगता आलं असतं. तिने चौदा वर्षं आग्र्याच्या क्वार्टरमध्ये ताट वाढून वाट पाहिली होती. सही अडकली म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मंजूचा फोन आला. ती विमानाबद्दल काही बोलली नाही.

"काय करून राह्यली?" त्याने विचारलं.

"खाली बसली हावो. गेटपाशी. वाचमनची खुर्ची असते, थ्यावर."

"काहून?"

"पोरगी झोपली. आता दिवसभर तिले सांभाळनारी बाई बी येते घरी, साधनानं लावून देल्ली. मले काम नाई राह्यलं. वर थे बाई मोबाईल पाहत बसते, बोलाले कोनी नसते. खाली आलं का मानसं तरी दिसतात, जाता-येता." मग म्हणाली, "बोलत नाईत. पन दिसतात."

"मंग तू काहून नाई आली इकडं?"

"तुमी शब्द देल्ला होता ना येतो म्हनून," मंजू म्हणाली. "म्हनलं, तुमी याले निघाले अन् मी तिकडं निघाली, असं नाई व्हा पायजे."

मागे कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. ती म्हणाली, "ठेवतो. वाचमन आला, खुर्ची द्या लागते."

दौलतसिंग फोन हातात धरूनच आत गेला, वही उघडली. शेवटची ओळ: 'कॅनबेरा. सर्व काम पूर्ण.' तिसऱ्या रकान्यात त्याची सही. त्याने पेन उचललं आणि चौथ्या रकान्यात, त्याच ओळीपुढे, स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन जमनाबाईच्या दारात उभा राहिला. ती शेळीचं दूध काढत होती. पिशवी पाहून तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"कोनं देल्ली सही?"

"मीच."

"तुह्याच कामावर? तूच?"

"व्हय."

"मंग थे खोटं हाय."

"हाय," दौलतसिंग म्हणाला.

जमनाबाईने भांडं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. तिचा चेहरा पाहून ती रागावली आहे की काय ते त्याला कळेना.

"मंजूले घेऊन येतो," तो म्हणाला. "होळीच्या आधी. दोघं येतो."

"तू पेरनी म्हनला, हरभरा म्हनला, विमान म्हनला," जमनाबाई म्हणाली. "समदं आयकू येते मले इथं. एकवीस घरात दुसरा आवाज कोनता हाय?"

मदनसिंगला लावून द्यावा म्हणून त्याने खिशातून फोन काढला, मग उद्यापासून हा फोन इथे नसेल हे लक्षात येऊन परत ठेवला. "मदनसिंगले सांगतो रोज दुपारी तुले फोन लावाले. बसमधूनच सांगतो."

"थ्याले फडात रेंज नाई."

"मंग मी लावतो. तीन वाजता. तू फक्त उचलजो."

"उचलीन," ती म्हणाली. "उचलाले येते मले."

मेडशीला तो पोचला तेव्हा अकोल्याची बस उभी होती. खिडकीशी जागा मिळाली. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बस सुटली आणि त्याने हिशेब केला: तीन वाजता आपण कुठे असू, तिथे रेंज असेल का. कंडक्टरने दोनदा विचारल्यावर त्याने तिकीट मागितलं.